दिवे घेऊन देऊ नका, तालमीचं भाडं द्या

प्रश्न थोडक्यात असा: वडील नोकरी सांभाळून आयुष्यभर राज्य नाट्य स्पर्धेत कामं करत राहिले. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या नावाने एखाद्या प्रायोगिक नाट्यसंस्थेला दोन लाख रुपये द्यायचे आहेत. दिवे घेऊन द्यावेत, एखादा प्रयोग पुरस्कृत करावा, की सरळ चेक द्यावा? आयकरात सूट मिळेल का? अमेरिकेतल्या भावालाही वाटा उचलायचा आहे, त्याने काय करावं?

मी बावीस वर्षं एका प्रायोगिक संस्थेचा खजिनदार होतो. खजिनदार म्हणजे पावतीपुस्तक सांभाळणारा, तिकिटाच्या टेबलावर बसणारा, टेम्पोवाल्याशी घासाघीस करणारा आणि मार्चअखेरीला सीएच्या ऑफिसात चपला झिजवणारा माणूस. स्टेजवर मी एकदाच गेलो, तेही हवालदाराचं काम करणारा मुलगा तापाने फणफणला म्हणून. त्यामुळे माझं उत्तर टेबलाच्या या बाजूने आहे.

सरळ चेक द्या. शक्यतो दोन आर्थिक वर्षांत विभागून द्या. कशासाठी ते लिहायचंच असेल तर ‘तालीम व संस्थेचा चालू खर्च’ एवढंच लिहा.

दिव्यांचं का नको म्हणतो, ते सांगतो. एका सद्गृहस्थांनी आम्हाला बारा एलईडी ‘पार’ दिवे, म्हणजे स्टेजवर वरून झोत टाकणारे दिवे, दिले होते. नवे कोरे, खोक्यांसकट, शुभारंभाच्या प्रयोगाला. फोटो काढले, टाळ्या झाल्या. पण आम्ही ज्या नाट्यगृहात प्रयोग करायचो तिथे त्यांचे स्वतःचे दिवे होते आणि ते भाड्यातच धरलेले होते. आपले लावायचे तर वेगळी परवानगी, वर चढून बांधायला माणूस, केबली, जोडण्या आणि दिवे नेण्या-आणण्याला टेम्पो. दोन वर्षांत ते चारदा टांगले गेले असतील. एरवी एका नटाच्या गॅलरीत प्लास्टिकच्या कागदाखाली पडून असायचे. दुसऱ्या पावसाळ्यात त्यातल्या तीन दिव्यांत पाणी शिरलं. दरवर्षी ऑडिटला मात्र बाराच्या बारा दिव्यांची नोंद आणि घसारा दाखवावा लागायचा. पुढे एकदा ते गृहस्थ प्रयोगाला आले आणि मध्यंतरात मला विचारलं, “यातले आपले कुठले?” मी वर बोट दाखवलं. ते नाट्यगृहाचे होते. खोटं बोललो, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून पुढचा अंक विंगेत उभा राहून काढला.

वस्तू देऊच नये असं नाही. संस्थेचा स्वतःचा छोटा रंगमंच असेल आणि त्यांच्या प्रकाशयोजनाकाराने ‘आम्हाला नेमकं हे हवंय’ अशी यादी दिली असेल तर खुशाल द्या. पण यादी त्यांची असावी. आणि वस्तुरूप देणगीवर आयकराची सवलत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

नाटकाचा पैसा कुठे जिरतो, ते समजल्याशिवाय माझं म्हणणं पटणार नाही. समजा दीडशे आसनांचं छोटं नाट्यगृह आहे आणि तिकीट ३०० रुपये. प्रेक्षक आले नव्वद. त्यातले पंधरा पासवाले, म्हणजे नटांचे नातेवाईक, पत्रकार आणि ‘अरे, मी आलोय’ म्हणत थेट आत शिरणारे जुने सभासद. उरले पंचाहत्तर, गल्ला २२,५०० रुपये. यातून नाट्यगृहाचं भाडं, ध्वनीवाला, टेम्पो, नेपथ्य उभं करणारी दोन माणसं, चहा-वडापाव आणि जमलं तर नटांना नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन. हाती काही उरलं तर त्या रात्री आम्ही रिक्षाने घरी जायचो. प्रयोगाचा खर्च असा कसाबसा निघतो. पण त्या प्रयोगाच्या आधीची चाळीस दिवसांची तालीम? तिचं तिकीट कोणी काढत नाही. जागेचं भाडं रोजचे ५०० रुपये धरा, तरी २०,००० झाले. त्यात दहाजणांच्या संध्याकाळींचा हिशेब मी धरलेलाच नाही, कारण तो कधीच कोणी धरत नाही.

तिकीट वाढवा म्हणाल, तर जीएसटीमध्ये नाटकाच्या तिकिटाला माणशी ५०० रुपयांपर्यंत माफी आहे. त्याच्या वर गेलात की कराचा प्रश्न उभा राहतो. शिवाय प्रायोगिक नाटकाला येणारा प्रेक्षक हा विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त माणूस. पाचशेच्या वर तिकीट लावलं की यांतलेच आधी गळतात, आणि ज्यांच्यासाठी नाटक केलं तेच बाहेर.

हे रडगाणं आपल्याकडचंच आहे असंही नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांच्या अर्थकारणावर एक मोठा अभ्यास केला. त्यातला मुद्दा एखाद्या बॅकस्टेजवाल्यालाही पटावा इतका साधा आहे. कारखान्यात यंत्र आलं की तेवढ्याच माणसांकडून जास्त माल निघतो. नाटकात पाच पात्रांचा प्रवेश करायला पन्नास वर्षांपूर्वी पाच माणसं लागायची आणि आजही पाचच लागतात. बाहेरचे पगार वाढत जातात, तसा नाटकाचा खर्च वाढत जातो, पण उत्पादन तेवढंच राहतं. तिकीट आणि खर्च यांच्यातली फट अकार्यक्षमतेमुळे पडते असं नाही. ती या धंद्याच्या पोटातच आहे. देणगीने ती भरायची असते. म्हणून देणगी मागणारी संस्था नालायक आहे, असं समजायचं कारण नाही.

ही फट कोण भरतं यावर नाटकाचं बरंच काही ठरत आलंय. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं ते संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, आश्रय आटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. मराठी नाटकाचा तिकीटविक्रीचा धंदा असा एका दात्याच्या जाण्यातून सुरू झाला. खजिनदार म्हणून मी यातून एक धसका घेतला होता: वर्षाच्या खर्चाचा अर्धा भाग एकाच माणसाच्या खिशातून येत असेल तर झोप लागत नाही. तुम्ही संस्था निवडाल तेव्हा हेही विचारा. तुमचे दोन लाख म्हणजे त्यांच्या वर्षाच्या खर्चाचा किती भाग? पाव असेल तर तुमचा फार उपयोग आहे. सगळाच असेल तर तुम्ही देणगी देत नसून संस्था चालवायला घेताय. त्याची तयारी आहे का, ते बघा.

आता तालमीची जागा. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

आमची तालीम एका शाळेच्या वर्गात व्हायची. शिपाई साडेसहाला कुलूप उघडायचे. पहिली वीस मिनिटं बाकं हलवण्यात. बाकं भिंतीला लावायची, त्यांच्या पायांखाली फडकी घालायची, कारण फरशीवर ओरखडे उठले की दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांची चिठ्ठी. मग फरशीवर चिकटपट्टी लावून घर आखायचं: हा दरवाजा, ही खिडकी, इथून दोन पायऱ्या खाली. चिकटपट्टी रात्री काढावीच लागायची, म्हणून दिग्दर्शकाने फरश्यांची गणती पाठ केली होती. दरवाजा खिडकीपासून अकराव्या फरशीवर. पावणेदहाला तालीम थांबवून बाकं परत जागेवर, फळ्यावर सकाळचा सुविचार होता तसाच आहे ना ते बघायचं. तीन तासांतली चाळीस मिनिटं अशी हमालीत जायची. परीक्षा आल्या की महिनाभर जागाच नाही. मग कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आवाज खाली ठेवून. भांडणाचा प्रवेश आम्ही तीन आठवडे कुजबुजत बसवला होता. पहिल्या प्रयोगात तो प्रवेश कुजबुजतच झाला. समीक्षकाने त्याला संयत अभिनय म्हटलं. ते कात्रण अजून माझ्याकडे आहे.

दोन लाख रुपयांत ५०० रुपये रोजाने ४०० संध्याकाळी होतात. वर्षाला दोन नाटकं बसवणाऱ्या संस्थेची ती साधारण पाच वर्षांची तालीम झाली. किंवा तेवढ्याच पैशात थोडी बरी जागा मिळेल, जिथे बाकं हलवावी लागत नाहीत आणि नेपथ्याच्या चार फळ्या रात्रभर तशाच उभ्या राहू शकतात. दिग्दर्शकाला त्याचं काय वाटेल हे तुम्ही कुणाही दिग्दर्शकाला विचारा.

जागेचं मोल आपल्याकडे सिद्ध झालेलं आहे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले, आणि पुढे कित्येक वर्षं मराठी प्रायोगिक नाटकाचं दुसरं नाव ‘छबिलदास’ होतं. एका चळवळीला शाळेचं नाव पडलं. एखाद्या पुरस्कर्त्या कंपनीचं नाव असं चळवळीला पडल्याचं मला तरी आठवत नाही. तुमच्या ओळखीत कुणाची रिकामी जागा असेल, बंद पडलेलं वर्कशॉप, सोसायटीचा न वापरला जाणारा हॉल, आणि ती आठवड्यातून चार संध्याकाळी मिळवून देता आली, तर दोन लाख ठेवा खिशात. ती देणगी मोठी आहे.

आता आयकर. यात लोक फसतात, म्हणून आकडे घालून सांगतो.

संस्थेकडे ८०जीची, म्हणजे देणगीवर सवलत देणाऱ्या आयकर कलमाची, मान्यता असेल तर देणगीच्या ५० टक्के रक्कम तुमच्या उत्पन्नातून वजा होते. पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, आणि २०२३-२४ पासून काहीच निवडलं नाही तर नवी प्रणाली आपोआप लागू होते. तेव्हा आधी तुमचं विवरणपत्र कुठल्या प्रणालीत जातं ते सीएला विचारा. नव्या प्रणालीत असाल तर सवलतीचा विचार डोक्यातून काढा आणि नाटक आवडलं म्हणून द्या.

जुन्या प्रणालीत असाल तर दुसरी मेख आहे. अशा देणगीची जास्तीत जास्त रक्कम तुमच्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंतच धरली जाते, आणि मग तिचे ५० टक्के. समजा ते उत्पन्न १२ लाख आहे. मर्यादा झाली १,२०,०००. तुम्ही एकाच वर्षात २ लाख दिले तरी धरले जाणार १,२०,०००, आणि वजावट ६०,०००. हेच २ लाख दोन आर्थिक वर्षांत एकेक लाख करून दिले तर दोन्ही वेळा रक्कम मर्यादेच्या आत, दोन्ही वेळा ५०,००० वजावट, एकूण १ लाख. रक्कम तीच, कागदावरचा फायदा जवळपास पावणेदोनपट. आणि संस्थेच्या दृष्टीनेही हे चांगलं, कारण दुसऱ्या वर्षी पैसे येणार हे माहीत असेल तर ती पुढच्या नाटकाची संहिता आत्ताच निवडू शकते.

किरकोळ पण हमखास नडणाऱ्या गोष्टी: रोख २,००० रुपयांच्या वर दिलंत तर वजावट नाही. तेव्हा चेक, बँक ट्रान्सफर किंवा यूपीआय. पॅन द्या. संस्थेने पावती दिली म्हणजे काम झालं असं समजू नका. तिने आयकर खात्याकडे १०बीडी हे विवरण भरून तुम्हाला १०बीई हे प्रमाणपत्र द्यावं लागतं, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत. ते नसेल तर वजावट अडते. छोट्या संस्था हे विसरतात. मी स्वतः एका वर्षी विसरलो होतो आणि विलंबशुल्काचा आकडा बघून महिनाभर कार्यकारिणीला तोंड दाखवलं नाही. १ एप्रिल २०२६ ही आयकर कायदा, २०२५ लागू होण्याची तारीख. त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे कागदावर दुसरा आकडा दिसला तर दचकू नका. बोलताना सगळे ८०जीच म्हणतात.

देणगी ३० मार्चला देऊ नका. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मला फोन यायचे, “आजच्या तारखेची पावती मिळेल ना?” मिळायची. पण धर्मादाय संस्थेला त्या वर्षीच्या उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्याच वर्षी आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो, नाहीतर मुदतीत अर्ज करून तो पुढे न्यावा लागतो. दोन दिवसांत लाखभर रुपये तालमीवर कसे खर्च करणार? मग फॉर्म, सीए, धावपळ. जून-जुलैत दिलेले पैसे पावसाळी तालमींना थेट लागतात.

संस्था पारखायची कशी? पहिली गोष्ट, तिची दोन नाटकं तिकीट काढून बघा. दुसरी, तालमीला जाऊन अर्धा तास मागे बसा. कोणीही नाही म्हणणार नाही, फार तर एखादी खुर्ची इकडून तिकडे न्यायला सांगतील. मग कागद मागा. महाराष्ट्रात बहुतेक नाट्यसंस्था १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. नोंदणी क्रमांक, शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, ८०जीचं पत्र आणि त्यावरची मुदत, एवढं पुरे. ८०जीची मान्यता कायमची नसते, तिचं नूतनीकरण करावं लागतं. पत्रावरची तारीख नीट वाचा.

ताळेबंदात मी काय बघतो ते सांगतो. ‘प्रशासकीय खर्च शून्य’ असं अभिमानाने लिहिलेलं असेल तर मी सावध होतो. म्हणजे एकतर कुणीतरी फुकट राबतंय आणि तो माणूस थकला की संस्था बसणार, किंवा खर्च दुसऱ्या नावाखाली लपवलाय. हिशेब लिहिणारा, फोन उचलणारा, नाटकाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता नेऊन देणारा माणूस लागतोच. आणखी एक बघा: विश्वस्तांची यादी. धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर जर दहा वर्षांपूर्वी वारलेले अध्यक्ष अजून अध्यक्ष असतील, तर बदल अर्ज पडून आहे. हा लबाडीचा पुरावा नव्हे, नाटकवाल्यांच्या आळसाचा आहे. पण बँकेत सही कोण करतं ते अशा वेळी विचारून घ्या.

यातला अवघड भाग असा, की तुम्हाला आवडलेला गट कदाचित नोंदलेलाच नसेल. पाच-सहा पोरं, एक दिग्दर्शिका, टेबलावर तिच्याच खात्याचा क्यूआर कोड. अशांची नाटकं पुष्कळदा सगळ्यात ताजी असतात. त्यांना द्यायचं तर जरूर द्या, पण जाणून द्या. तुम्हाला वजावट मिळणार नाही. आणि नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर रक्कम मिळाली तर ती सगळीच घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. म्हणजे तुमचा मोठेपणा त्या मुलीच्या विवरणपत्रात जाऊन बसेल. त्यापेक्षा तालमीच्या हॉलचं भाडं थेट हॉलमालकाला द्या आणि पावती गटाच्या हाती ठेवा. किंवा एका प्रयोगाची चाळीस तिकिटं विकत घेऊन वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांना वाटा. नव्वदच्या जागी एकशे तीस माणसं बसलेली दिसली की नटांच्या आवाजात फरक पडतो.

कायम निधीचा मोह बहुतेकांना होतो. ‘मुद्दल तसंच राहू दे, व्याजातून दरवर्षी वडिलांच्या नावाने काहीतरी करा.’ भावना मी समजू शकतो. पण २ लाखांवर ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १४,००० रुपये. त्यात एक स्मृतिचिन्ह, एक शाल आणि एक कार्यक्रमपत्रिका होते. दहा वर्षांनी त्या कार्यक्रमाला कोण येतं ते मी पाहिलंय. शिवाय तुम्ही ‘कायम निधीसाठी’ असं लेखी दिलंत की ती रक्कम ठरलेल्या ठेवींतच गुंतवावी लागते, आणि अडीअडचणीला संस्था तिला हात लावू शकत नाही. तालमीची जागा गेली, नाटक बंद पडायची वेळ आली, आणि बँकेत ठेव आहे पण मोडता येत नाही, असे दिवस आम्ही काढले आहेत. रक्कम वीस-पंचवीस लाखांची असती तर वेगळं बोललो असतो.

प्रयोग पुरस्कृत करण्याबद्दल थोडक्यात: ती देणगी नसून जाहिरात असते. कंपनीचं ठीक आहे. तिथेही मार्केटिंगच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या कायद्याने ठरलेल्या सामाजिक खर्चात, धरत नाहीत. तुम्हाला पडद्यावर नाव हवं असेल तर करा, पण वडिलांचं नाव घोषणेत यावं एवढीच इच्छा असेल तर ती चेकनेही पूर्ण होते. तिसरी घंटा झाली की निवेदक दोन वाक्यं म्हणेल. स्वतःचं नाव गुप्त ठेवायचं असेल तरी संस्थेला नाव, पत्ता आणि पॅन द्याच, आणि फक्त ‘जाहीर करू नये’ असं सांगा. दात्याची नोंदच नसलेल्या देणग्या ठरावीक मर्यादेच्या वर गेल्या तर संस्थेला त्यावर ३० टक्के कर बसतो.

भावाचं प्रकरण नाजूक आहे. तो अजून भारतीय नागरिक असेल, म्हणजे पासपोर्ट भारताचा असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत मात्र संस्थेच्या फायलीत हवी. पण त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) असलं तरी कायद्याच्या नजरेत तो परदेशी स्रोत आहे. अशी देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. नोंदणीसाठी गेल्या तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये उद्दिष्टांवर खर्च केलेले दाखवावे लागतात. बहुतेक प्रायोगिक संस्था त्या आकड्याच्या आसपासही नसतात. ‘मग तो मला पाठवेल आणि मी संस्थेला देईन’ हा आडमार्ग सुचेलच, सगळ्यांना सुचतो. तो करू नका. अडचण संस्थेचीही होते, आणि तिच्याकडे वकील नसतो. भाऊ सुट्टीत आला की त्याला घेऊन प्रयोगाला जा आणि तिकिटं त्याला काढू दे. तिकीट म्हणजे देणगी नव्हे.

आणखी एक. पैसे दिल्यावर काय मागता येतं? हिशेब मागता येतो. वर्षातून एकदा ‘पैसे कशाला लागले’ असं पत्र मागता येतं. तालीम बघता येते. संहितेत बदल मागता येत नाही, आणि भाच्याला भूमिकाही नाही. दुसरी मागणी आमच्याकडे एकदा आली होती, फार गोड शब्दांत. दिग्दर्शकाने भाच्याला वाचनाला बोलावलं. मुलगा खरोखरच बरा होता. त्याला घेतलं असतंही. पण मग बाकीच्या नऊजणांना तालमीत काय तोंड दाखवणार, म्हणून घेतलं नाही. तो चेक आम्ही परत केला. त्या वर्षी नेपथ्य काळ्या पडद्यांवर भागवलं.

चेकसोबत एक पत्र द्या. मसुदा मी देतो, नावं तुम्ही घाला: “माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ १,००,००० रुपयांची देणगी या चेकने देत आहे. ही रक्कम कायम निधीत न धरता तालीम व संस्थेच्या चालू खर्चासाठी वापरावी. कोणत्या नाटकासाठी, हे संस्थेने ठरवावे. तेवढीच रक्कम पुढील आर्थिक वर्षात, जुलैपूर्वी देण्याचा माझा विचार आहे. १०बीई प्रमाणपत्र पुढील पत्त्यावर पाठवावे.” दोन प्रती काढा, एकीवर पोच म्हणून सही-शिक्का घ्या. शिक्का सापडायला थोडा वेळ लागेल. तो बहुधा सामानाच्या पेटीत, मिशांच्या डब्याखाली असतो.